गावच्या ढालीवरचे चाक कोणाचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील बऱ्याच घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जर्मनीत आहेत. त्यामुळे तिकडच्या गावांच्या ढालींविषयी, म्हणजे प्रत्येक नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या दारावर दिसणाऱ्या रंगीत चिन्हांविषयी, आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी परिचारिका म्हणून जर्मनीत गेली असून बव्हेरिया राज्यात माइन नदीकाठच्या एका खेड्यात राहते. तेथील पंचायतीच्या इमारतीवर, अग्निशमन दलाच्या गाडीवर, इतकेच काय पण कचरा कोणत्या वारी उचलणार त्या पत्रकावरही एक ढाल छापलेली असते. ढालीच्या वरच्या लाल भागात सहा आऱ्यांचे पांढरे चाक आणि खालच्या पांढऱ्या भागात निळा नागमोडी पट्टा आहे. त्या गावात पूर्वी गाड्यांचा धंदा असावा, असे आम्हांस वाटले होते. घरमालकीणबाईंनी मात्र असे सांगितले की, जुन्या काळी एक मोठा धर्मगुरू चाके घडवणाऱ्या सुताराचा मुलगा होता, म्हणून हे चाक. खरे काय? — एक वाचक, खानापूर

उत्तर : घरमालकीणबाईंनी सांगितलेली कथा त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, पण चाकाचा उगम शोधताना ती फारशी कामाला येत नाही. हे चाक ऱ्हाईनकाठच्या माइंत्स शहराच्या आर्चबिशपचे आहे. माइनकाठच्या ज्या गावाच्या ढालीवर लाल पार्श्वभूमीवर सहा आऱ्यांचे पांढरे चाक दिसते, ते गाव केव्हातरी त्या आर्चबिशपच्या अमलाखाली होते, असे समजण्यास हरकत नाही. गावात सुतार किती होते आणि गाड्या बनत होत्या की नाही, याच्याशी त्या चाकाचा काही संबंध नाही.

आर्चबिशप म्हटले की आपल्यासमोर प्रार्थना सांगणारा धर्मगुरू उभा राहतो. मध्ययुगीन जर्मनीत मात्र तो मुलूख राखणारा, सारा वसूल करणारा, न्यायनिवाडा करणारा आणि स्वतःची नाणी पाडणारा राजाच होता. माइंत्सचा आर्चबिशप तर त्या सर्वांत मानाचा, कारण सम्राट निवडण्याचा अधिकार ज्या सात जणांकडे होता आणि जो १३५६ च्या शाही फर्मानाने पक्का झाला, त्या सातांत त्याचे स्थान अग्रभागी होते. त्याचा मुलूख सलग नव्हता. ऱ्हाईनकाठी माइंत्स, माइनकाठी आशाफेनबुर्ग आणि आसपासची खेडी, दूर उत्तरेस आइक्सफेल्डचा टापू आणि पूर्वेस एअरफुर्ट शहर असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. अशा विखुरलेल्या मुलखात ‘हे आमचे’ असे दाखवण्यासाठी एकच ठळक खूण लागते. ती खूण म्हणजे हे चाक. शिक्क्यांवर, नाण्यांवर आणि शिवेच्या दगडांवर ते कोरले जात असे. शिवेच्या दगडाला एका अंगाने चाक आणि दुसऱ्या अंगाने शेजारच्या सत्ताधीशाची खूण, अशी साधी व्यवस्था होती. एअरफुर्टच्या ढालीवर आजही लालावर पांढरे चाक आहे. खुद्द माइंत्सच्या ढालीवर मात्र एकाऐवजी दोन चाके असून ती एका लहान क्रुसाने जोडलेली आहेत.

आता कथेविषयी. ज्या धर्मगुरूची ती कथा आहे त्याचे नाव विलिगिस. तो ९७५ ते १०११ या काळात माइंत्सचा आर्चबिशप होता आणि त्याचा जन्म सामान्य घरातला असल्याचे मानले जाते. दंतकथा अशी की, उच्चकुलीन पुरोहितांना हा सुताराचा पोर आपल्या डोक्यावर बसलेला सहन होईना, म्हणून त्यांनी त्याच्या वाड्याच्या भिंतींवर खडूने चाके काढून ठेवली. विलिगिसने रागावण्याऐवजी दालनादालनात लाल रंगावर पांढरी चाके रंगवून घेतली आणि आपण कोठून आलो याचा विसर पडू नये म्हणून तीच आपली खूण केली. कथा मोठी गोड आहे, पण तिच्यात काळाचा मेळ बसत नाही. ढालीवर वंशपरंपरेने चालणारे चिन्ह रंगवण्याची रीत युरोपात बाराव्या शतकात रुळली, आणि माइंत्सच्या आर्चबिशपांची खूण म्हणून चाक दिसू लागते ते तेराव्या शतकात. विलिगिस त्याच्या दोनशे वर्षे आधीच मरण पावला होता. म्हणजे चाक आधी आले आणि त्याचे कारण सांगण्यासाठी सुताराच्या मुलाची गोष्ट मागाहून जुळवली गेली, असाच क्रम संभवतो. आपल्याकडेही घोरपडे घराण्याच्या आडनावामागे किल्ल्याच्या भिंतीवर घोरपड चढवल्याची गोष्ट सांगितली जाते. अशा गोष्टी ऐकाव्यात, मुलांना सांगाव्यात, पण त्यांच्यावरून तारीख ठरवू नये.

मग चाकच का, असा प्रश्न उरतो. काही अभ्यासकांच्या मते वर्तुळात बसवलेले ख्रिस्ताचे जुने अक्षरचिन्ह, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची सहा टोकांची आकृती, हळूहळू चाकासारखी वाचली जाऊ लागली. सहा आरे आणि भोवतीची धाव यांच्याशी ही उपपत्ती बरी जुळते, पण अभ्यासकांत तिच्यावर एकमत झालेले नाही. चाकाचा पहिला अर्थ काहीही असो, गावाच्या ढालीवर त्याचा अर्थ एकच आहे, तो म्हणजे माइंत्सचा अंमल.

आपल्या कन्येला एक गंमत करून पाहण्यास सांगावे. रजेच्या दिवशी नदीच्या कडेने सायकलीवरून वरच्या अंगाला जावे आणि वाटेतल्या प्रत्येक गावाची ढाल पाहत जावे. काही गावे ओलांडली की चाक नाहीसे होऊन लाल रंगावर खालून वर आलेले तीन पांढरे दात दिसू लागतील. लोक त्याला ‘फ्रँकनचे दाताळे’ म्हणतात; फ्रँकन हे त्या प्रदेशाचे नाव. शेतकऱ्याच्या दाताळ्याशी त्याचा संबंध नाही. ती केवळ लाल आणि पांढरा रंग विभागणारी दातेरी रेघ आहे, आणि ती व्यूर्त्सबुर्गच्या बिशपची खूण आहे. चाकाची गावे माइंत्सची आणि दाताळ्याची गावे व्यूर्त्सबुर्गची, अशी दोन सत्तांची जुनी शीव कोणताही नकाशा न उघडता डोळ्यांना दिसते. ही दोन्ही बिशप-राज्ये १८०३ च्या सुमारास बुडाली आणि १८१४ पासून हा सारा मुलूख बव्हेरियाकडे आहे. राज्य बदलले, राजधानी बदलली, कारभाराचा शिरस्ता बदलला, तरी ढालींवर चाक आणि दाताळे तसेच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ची तारीख ज्यांच्या घरात अजून बोलण्यात येते, त्या आपल्या सीमाभागातील वाचकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. या दोन्ही खुणा एकत्र पाहावयाच्या असतील, तर त्या प्रांताच्या, म्हणजे उंटरफ्रँकनच्या, ढालीवर त्या दोन्ही आहेत. हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर पाहावयाची असेल तर ऱ्हाईनलँड-फाल्त्स हे राज्य घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर जुने तुकडे जोडून ते बनवले गेले आणि त्याच्या ढालीवर ट्रियरचा लाल क्रूस, माइंत्सचे पांढरे चाक आणि फाल्त्सच्या राजघराण्याचा सोनेरी सिंह असे तिघे जुने धनी एकत्र बसवले आहेत.

मात्र चाक दिसले की लगेच माइंत्स म्हणू नये, आधी रंग पाहावा. ओस्नाब्र्यूक शहराच्या ढालीवरही सहा आऱ्यांचेच चाक आहे, पण ते पांढऱ्यावर काळे आहे. त्याचा माइंत्सशी संबंध नाही. आणि मोडके चाक असेल, त्याला सुऱ्यांसारखी पाती असतील, तर ते संत कॅथरीनचे, कारण तिला चाकावर मारण्याचा बेत होता अशी तिची कथा आहे. त्या गावचे देऊळ बहुधा तिच्या नावाचे असते.

राहिला निळा नागमोडी पट्टा. तो पाण्याचा, म्हणजे गावालगतच्या नदीचा किंवा ओढ्याचा. वरच्या भागात जुना धनी आणि खालच्या भागात गावचे स्वतःचे काही, अशी मांडणी दिसली की ती ढाल बहुधा विसाव्या शतकात रचलेली आहे, असे मी धरून चालतो. जुन्या ढालींवर इतकी दाटी नसते.

प्रश्न : बर्लिनच्या ढालीवर अस्वल आणि म्युनिकच्या ढालीवर साधू का असतो? गावाच्या नावावरून प्राणी ठरतो, असे आमच्या भाच्याने कळवले आहे. तसे असेल तर नावावरून ढाल ओळखता येईल काय? — एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. नावाचा उच्चार ऐकून त्यावरून काढलेली चिन्हे जर्मनीत पुष्कळ आहेत आणि अभ्यासक त्यांना ‘बोलक्या ढाली’ म्हणतात. वेझेल गावच्या लाल ढालीवर तीन पांढऱ्या वीझल आहेत. वीझल म्हणजे मुंगसाच्या चणीचा, पण त्याहून बराच लहान असा शिकारी प्राणी. म्युनिकचे नाव साधूंच्या वस्तीवरून पडले, म्हणून १२३९ च्या सुमाराच्या शिक्क्यापासून तेथे साधू आहे. काळी कफनी, तिला सोनेरी काठ, पायांत तांबडी पायताणे, डाव्या हातात लाल पुस्तक आणि उजवा हात वर उचललेला, असे त्याचे आजचे रूप आहे. चितारी आणि मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या त्याला लहान करत गेले, आणि आता लोक त्याला प्रेमाने म्युनिकचे बाळ म्हणतात. उत्सवात तर त्या वेशात एखादी तरुणी घोड्यावर बसून मिरवणुकीच्या पुढे असते. संन्याशाचा हा प्रवास कोणी ठरवून केलेला नाही.

बर्लिनच्या बाबतीत मात्र कानाने फसवले आहे. १२८० च्या शिक्क्यावर ब्रांडेनबुर्गच्या गरुडाच्या दोन्ही बाजूंना दोन अस्वले उभी आहेत, म्हणजे चिन्ह चांगलेच जुने आहे. जर्मन भाषेत अस्वलाला ‘बेअर’ म्हणतात आणि नावाचा आरंभ तसाच ऐकू येतो. परंतु भाषाशास्त्रज्ञ ते नाव स्लाव्ह लोकांच्या भाषेतील दलदलीच्या शब्दावरून आले असे सांगतात. दलदल ढालीवर रंगवता येत नाही आणि अस्वल रंगवता येते. तेराव्या शतकातील शिक्का कोरणाऱ्याने भाषाशास्त्र पाहिले नाही, हे उत्तमच झाले.

नावावरून ढाल ओळखण्याच्या भरवशावर मात्र राहू नये. माइन नदीवरच ओक्सेनफुर्ट आणि श्वाइनफुर्ट अशी दोन शहरे आहेत. पहिल्या नावात बैल आहे आणि दुसऱ्यात डुक्कर, तर दोन्हींच्या शेवटी नदी पायी ओलांडण्याचा उतार आहे. ओक्सेनफुर्टच्या ढालीवर बैल आहे. श्वाइनफुर्टच्या ढालीवर डुक्कर शोधायला गेलात तर निळ्या रंगावर पांढरा गरुड दिसेल. याचे कारण अब्रू राखणे एवढेच नव्हे. ओक्सेनफुर्ट १२९५ पासून व्यूर्त्सबुर्गच्या धर्मपीठाच्या मंडळाच्या ताब्यात होते, तर श्वाइनफुर्ट हे कोणा सरदाराच्या वा बिशपच्या हाताखाली नसलेले, थेट सम्राटाचे शहर होते, आणि १८०२ पर्यंत ते तसेच राहिले. सम्राटाची खूण गरुड, म्हणून अशा शहरांनी गरुड मिरवला. आखेनचा गरुड सोन्यावर काळा आहे, फ्रँकफुर्टचा लालावर पांढरा. ज्या शहराला असा मान मिळाला, त्याला नावातल्या डुकराची आठवण ठेवण्याचे काहीच प्रयोजन नव्हते. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी धनी कोण ते पाहावे, मग गावचा संत, आणि त्यातूनही उलगडा झाला नाही तर नावाकडे वळावे.

संतांचे उदाहरण म्हणून कोलोन घ्यावे. त्याच्या ढालीच्या वरच्या लाल पट्ट्यात तीन सोनेरी मुकुट आहेत. बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या म्हणून मानलेल्या अस्थी ११६४ मध्ये मिलानहून कोलोनला आणल्या गेल्या, त्यांचे हे मुकुट. खालच्या पांढऱ्या भागात अकरा काळी टोके आहेत, ती संत उर्सुला आणि तिच्या सोबतिणींसाठी. कोबुर्ग या बव्हेरियातील शहराच्या ढालीवर एका आफ्रिकी पुरुषाचे मस्तक आहे. तो संत मॉरिस, त्या शहराचा रक्षक संत. नाझी सत्तेने १९३४ मध्ये ते मस्तक काढून तेथे मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार आणली. युद्ध संपल्यावर संत परत आला. अलीकडे त्या मस्तकाच्या चित्रणावरही वाद झाला आहे, आणि ओठ-कुंडले काढण्याची जुनी ढब पाहिली म्हणजे वाद घालणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार वाटत नाही. पण ते चिन्ह त्या शहराने सन्मानाने धारण केले होते, हेही लक्षात ठेवावे लागते.

प्रश्न : आमच्या उद्यमबागेतील शेडमध्ये एक फार जुने जर्मन लेथ मशीन आहे. त्याच्या पितळी पाटीवर एक लहान ढाल कोरली असून तिच्यात उभ्या बारीक रेघा आणि मध्ये तिरकी, कोरी किल्ली आहे. हे मशीन कुलपांच्या कारखान्यातून आले असावे, असे आमच्या फोरमनचे मत आहे. त्या रेघा झिजलेल्या नाहीत, मुद्दाम कोरलेल्या दिसतात. त्या कशासाठी? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : रेघा मुद्दामच कोरलेल्या आहेत, कारण त्या रेघा म्हणजे रंग आहेत. दगडावर, धातूवर किंवा काळ्या शाईच्या छपाईत ढालीचे रंग कसे दाखवावेत, ही अडचण जुनी होती. सतराव्या शतकात त्यासाठी रेघांची एक पद्धत रुळली आणि सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताच्या १६३८ च्या ग्रंथामुळे ती सर्वत्र पसरली. तिच्यात ठिपके म्हणजे सोनेरी, अगदी कोरी जागा म्हणजे रुपेरी किंवा पांढरा, उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून खाली उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा म्हणजे हिरवा, आणि उभ्या-आडव्या रेघांची जाळी म्हणजे काळा. आपल्या पाटीवर उभ्या रेघांवर कोरी किल्ली आहे, म्हणजे लालावर पांढरी किल्ली. ती ब्रेमेन शहराची ढाल आहे. किल्ली कुलपाची नाही, ती स्वर्गाच्या दाराची आहे, कारण ब्रेमेनचे मुख्य देऊळ संत पीटरचे आणि स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्या हाती असतात. एकाऐवजी एकमेकींवर फुली घातलेल्या दोन किल्ल्या असत्या, तर ते शहर रेगेन्सबुर्ग ठरले असते. संत तोच, शहर निराळे. आपले मशीन ब्रेमेनमध्ये बनले किंवा तेथील व्यापाऱ्यामार्फत विकले गेले, इतके त्या पाटीवरून म्हणता येईल.

जाता जाता, शेजारच्या हाम्बुर्गच्या ढालीवर तीन बुरुजांचा दरवाजा आहे आणि ते शहर स्वतःस जगाचा दरवाजा म्हणवते. त्यावर, दरवाजा त्यांचा असेल, पण किल्ली आमच्याकडे आहे, असे ब्रेमेनकर ऐकवतात.

रंगांचा आणखी एक नियम फोरमनसाहेबांना सांगावा. सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, आणि लाल, निळा, हिरवा, काळा हे ‘रंग’ मानले जातात. धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, असा दंडक आहे. पांढऱ्यावर पिवळे किंवा काळ्यावर निळे दुरून दिसत नाही आणि रणधुमाळीत तर मुळीच दिसत नसे, इतके साधे कारण त्यामागे आहे. लालावर पांढरे इतक्या वेळा का आढळते, याचे उत्तरही तेच. ढालीची उजवी-डावी बाजूही पाहणाऱ्याची नसून ढाल हाती धरणाऱ्याची धरतात, हे ध्यानात ठेवले नाही तर पुस्तकातील वर्णन आणि समोरचे चित्र उलटसुलट वाटते.

प्रश्न : कर्नाटक सरकारच्या चिन्हावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. ल्युबेक या जर्मन शहराच्या ढालीवरही दोन डोक्यांचा काळा गरुड पाहिला. दोन्ही एकाच मुळातून आले काय? — एक वाचक, संकेश्वर

उत्तर : एकाने दुसऱ्याकडून घेतले, असे म्हणण्यास आधार नाही. ल्युबेकचा गरुड सम्राटाचा आहे. हे शहर १२२६ पासून थेट साम्राज्याच्या अखत्यारीत होते, आणि सम्राट सिगिस्मुंडच्या काळी, १४३३ पासून, साम्राज्याच्या गरुडाला अधिकृतपणे दोन डोकी आली. आपल्याकडे गंडभेरुंड त्याहून आधीचा आहे. शिवमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावी येथे अकराव्या शतकातील स्तंभावर तो मनुष्यदेहधारी रूपात उभा आहे, आणि विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर तो चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेला दिसतो. पुढे म्हैसूरच्या वडेयर राजांनी तो घेतला आणि त्यांच्याकडून तो राज्याच्या चिन्हात आला. दोन डोक्यांचा पक्षी याहूनही पुष्कळ जुना आहे. तुर्कस्तानातील हित्ती लोकांच्या अलाजा ह्योयुक येथील वेशीवर तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील आहे, आणि तक्षशिलेजवळच्या सिरकप येथील स्तूपावरही तो आढळतो.

मांडणी मात्र युरोपीय वळणाची आहे, हे आपण नीट पाहिले असेल. मध्ये ढाल, दोन बाजूंना ती धरणारे सिंह-हत्तीच्या मिश्र रूपाचे प्राणी, वर शिखर आणि खाली घोषवाक्य, हा सगळा साज इंग्रजी अमलात आपल्या संस्थानिकांकडे आला. १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी अनेक संस्थानांना अशी चिन्हे रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने रचून दिली होती. कर्नाटकाच्या चिन्हात लाल ढालीवर पांढरा पक्षी आहे, म्हणजे रंग आणि धातूचा वर सांगितलेला दंडकही पाळला गेला आहे.

प्रश्न : जर्मनीत दोन हजार वस्तीच्या खेड्यालाही ढाल असते. ती त्यांना कोण देते? आमच्या ग्रामपंचायतीच्या इमारतीचे बांधकाम होत आहे आणि दारावर गावचे काही चिन्ह असावे, असे तरुण मंडळी म्हणतात. त्या पद्धतीने करता येईल काय? — एक वाचक, हलशी

उत्तर : खेड्यांच्या ढाली मध्ययुगातील असतात, ही समजूत आधी सोडून द्यावी. मोठ्या शहरांचे शिक्के बाराव्या-तेराव्या शतकांपासूनचे आहेत, खेड्यांचे मात्र क्वचितच. व्यूर्टेमबेर्गमधील पुष्कळ गावांना केवळ शिवेच्या दगडांवर कोरण्यापुरती एखादी खूण होती, जसे की घोड्याची नाल, द्राक्षवेल छाटण्याचा वाकडा कोयता किंवा नुसते एक अक्षर, आणि पुढे त्याच खुणेला रंग देऊन ढाल करण्यात आली. आपल्याकडे दानलेखाच्या दगडावर सूर्य-चंद्र आणि गाय-वासरू कोरत, तेही वाचता न येणाऱ्याला हद्द कळावी आणि दान अबाधित आहे हे समजावे, यासाठीच. बाडेन प्रांतात १९०० च्या आसपास कार्ल्सरूहे येथील दप्तरखान्यातील जाणकारांनी शेकडो खेड्यांना ढाली रचून दिल्या. त्याच काळात लोकांतही या चिन्हांचे वेड पसरले. ब्रेमेनच्या एका कॉफी कंपनीने ओट्टो हुप या नामांकित चित्रकाराने काढलेल्या शहरांच्या ढालींची लहान चित्रे ग्राहकांना वाटली, आणि ती वहीत चिकटवून संग्रह पुरा करण्याचा छंद घरोघर लागला.

यानंतरची मोठी लाट १९६० आणि १९७० च्या दशकांतली. तेव्हा पश्चिम जर्मनीत खेडी एकत्र जोडण्याची मोहीम निघाली आणि सुमारे २४,००० ग्रामसंस्थांच्या साधारण ८,५०० झाल्या. चार-पाच खेड्यांची एक पंचायत झाली की नव्या ढालीवरून भांडण ठरलेलेच. ते मिटवण्यासाठी जितकी खेडी तितकी पाने, तितक्या चांदण्या किंवा तितकी कणसे काढण्याचा तोडगा इतका वापरला गेला की आता त्याचा कंटाळा येतो. पूर्वेकडील राज्यांत अशीच लाट १९९० च्या एकीकरणानंतर आली.

ढालीचा ठराव पंचायतच करते, पण तो एकटीच्या मर्जीने अमलात येत नाही. राज्यागणिक कायदा निराळा आहे, तरी सर्वसाधारणपणे सरकारी दप्तरखान्याचा अभिप्राय घेतला जातो आणि वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते. शेजारच्या गावासारखीच ढाल झाली, रंगांचा दंडक मोडला किंवा गावच्या इतिहासाशी चिन्हाचा संबंध नसला, तर दप्तरखाना ते परत पाठवतो. मंजूर झालेल्या ढालीचे शब्दांतले वर्णन हेच खरे चिन्ह मानले जाते. चित्रकाराने चाक थोडे जाड काढले काय किंवा बारीक काढले काय, ‘लालात सहा आऱ्यांचे रुपेरी चाक’ या शब्दांत बसते तोवर ती एअरफुर्टचीच ढाल. तसेच ती गावाच्या नावासारखीच गावच्या मालकीची असते. परवानगीवाचून दुकानाच्या पाटीवर ती लावता येत नाही.

आपल्या गावाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जर्मन दप्तरखानदाराने पहिल्यांदा विचारले असते की येथे राज्य कोणाचे होते. हलशी ही कदंबांची जुनी नगरी. त्यांचे लांछन सिंह आणि ध्वजावर वानर. पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळातील भूवराह नरसिंहाचे मंदिर आजही गावात उभे आहे. म्हणजे सिंह किंवा वराह, यांपैकी एक निवडावे. दोन्ही एकत्र कोंबू नयेत. वराह हे चालुक्यांचे आणि विजयनगरचेही लांछन होते, त्यामुळे केवळ हलशीचे म्हणून ओळखू येईल असे चिन्ह हवे असेल, तर माझा कौल सिंहाला. तो मंदिरातील किंवा जुन्या नाण्यावरील आकृतीवरून, बाह्यरेषा ठळक ठेवून काढून घ्यावा. बाजारात मिळणारा, आयाळ पिंजारलेला इंग्रजी सिंह घेऊ नये. जंगल दाखवायचेच असेल तर हिरवी पार्श्वभूमी पुरे, झाडे मोजून काढू नयेत. हिरव्यावर सिंह सोनेरी किंवा पांढरा असावा, म्हणजे रस्त्यावरूनही तो दिसेल. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेचा वापर १९५० आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यांनी बांधून दिलेला असल्यामुळे ती या चिन्हात मिसळू नये, आणि चिन्ह दारावर बसवण्यापूर्वी तालुका पंचायतीच्या कार्यालयात लेखी विचारणा करून घ्यावी. दगडात कोरून घेणार असाल, तर पाथरवटाला चित्राबरोबर वर्णनाचे एक वाक्य कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत लिहून द्यावे. दोन्ही प्रती पंचायतीच्या दप्तरी ठरावासोबत लावून ठेवाव्यात.